एमडी मेडिसिननंतर अमेरिकेत नेफ्रॉलॉजी आणि रिसर्च?

तू विचारलंयस की अंबाजोगाईला एमडी मेडिसिन संपत आलंय, तर डीएम नेफ्रो (किडनीची सुपरस्पेशालिटी) करून अमेरिकेला यावं की आधीच निघावं, आणि इथे पेशंटबरोबर रिसर्चही जमेल का. ज्युनिअर आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

यायचं पक्कं असेल तर डीएमच्या नादी लागू नकोस. इथे रेसिडेन्सीच्या (हॉस्पिटलात राहून घ्यायच्या ट्रेनिंगच्या) हिशोबात आपली डीएम काय नि एमडी काय, धरतच नाहीत, इंटर्नल मेडिसिनची ३ वर्षं परत आणि मग नेफ्रोची फेलोशिप (पुढचं खास ट्रेनिंग) २ वर्षं. शिवाय एमबीबीएसला जितकी वर्षं होत जातात तितके इंटरव्ह्यू कमी येतात. इथल्या डॉक्टरी परवान्याच्या यूएसएमएलई परीक्षेची स्टेप १ ही २०२२ पासून नुसती पास-फेल झालीय, त्यामुळे सगळा भार स्टेप २ च्या मार्कांवर. सरकारी सेवेच्या बॉण्डचं काय ते आधी मिटव.

नेफ्रोची सीट मिळायची चिंता करू नको, कार्डिओ, जीआयला (हृदय, पोटाच्या शाखांना) मारामारी असते पण इकडे दरवर्षी सीटा रिकाम्या राहतात, कारण काम ढीगभर आणि पैसे त्यांच्यापेक्षा कमी, अर्धा दिवस हॉस्पिटलातून डायलिसिस युनिटात गाडी पळवण्यात जातो.

रिसर्चचं घोडं पेंड खातं ते व्हिसापाशी. बरेचजण जे-१ या ट्रेनिंगच्या व्हिसावर येतात, तो संपला की २ वर्षं भारतात जा नाहीतर वेव्हर (त्या अटीतून सूट) घे. त्यातल्या कॉनराड नावाच्या वेव्हरच्या प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, त्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात ३ वर्षं फुलटाइम पेशंट बघायचे, म्हणजे डेटा घेऊन बसायच्या वयात तू कुठल्यातरी आडगावात ऑन कॉल. आणि एनआयएचच्या (अमेरिकन सरकारची आरोग्य संशोधन संस्था) के०८, के२३ ग्रँट, ज्यात निदान ७५ टक्के वेळ रिसर्चसाठी राखून मिळतो, त्या सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यालाच. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग तुला माहितीच असेल. के९९ ही त्यांचीच दुसरी ग्रँट व्हिसावर चालते, पण पोस्टडॉकला (पदवीनंतरच्या रिसर्च ट्रेनिंगला) ४ वर्षं व्हायच्या आत अर्ज टाकावा लागतो.

म्हणून स्टेप ३ आधीच देऊन एच-१बी (नोकरीचा व्हिसा, त्यात २ वर्षं परतायची अट नाही) देणारे प्रोग्रॅम शोध. पण २०२५ च्या सप्टेंबरात देशाबाहेरच्यांच्या नव्या एच-१बी वर १ लाख डॉलर फी आलीय, तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमला मेल करून विचार, जुन्या याद्यांवर जाऊ नको.

तोवर तिथेच रिसर्च पेपर लिही, ईबी-१ ला (खास गुणवत्तेवरच्या ग्रीन कार्डला) तेच कामाला येतात. निकाराग्वा, एल साल्वाडोरमधे उन्हात राबणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या किडन्या जातात, डायबिटीस नाही बीपी नाही, आणि नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. आंध्रात उद्दानमलाही असाच प्रकार. तू तर बीड जिल्ह्यात बसलायस, असे मजूर तुझ्या ओपीडीत रोज येत असतील! हंगामाला जायच्या आधी आणि परतल्यावर त्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघ, जमलं तर युरिन अल्ब्युमिन पण. एथिक्स कमिटीचा अर्ज आत्ताच टाक, दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या की माणूस हाताला लागत नाही.