पाणी चाळीस फुटांवर आलं की

वाचकांचे प्रश्न : आपत्तीनंतर माणसांत काम करणाऱ्यांसाठी

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या गावात आशा (आरोग्य सेविका) म्हणून काम करते. 2019 च्या महापुरात गाव पाण्यात होतं, 2021 ला पुन्हा. नंतर आमचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. पूरग्रस्तांना बोलतं करा, मन मोकळं करायला लावा, असं सांगितलं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या दोन म्हशी डोळ्यांदेखत वाहून गेल्या. पाऊस लागला की त्या ट्रंक बांधून ठेवतात आणि रात्रभर कट्ट्यावर बसतात. मी पुराचा विषय काढला की "चहा घेतीस का?" म्हणतात. दुसऱ्या घरातले एक दादा सारखे झोपेच्या गोळ्या मागतात. माझं स्वतःचं घरही तेव्हा पडलं होतं. यांना बोलतं कसं करू?

उत्तर : काकूंनी चहा विचारला की घ्या, आणि विषय काढणं सोडून द्या. सांगायचं तेव्हा त्या सांगतील, नाही सांगितलं तरी तुमचं काम अडत नाही.

आपत्ती झाली की लोकांना लगेच एकत्र बसवायचं आणि काय घडलं ते पहिल्यापासून वदवून घ्यायचं, ही पद्धत एके काळी जगभर चालली. पुढे ती तपासली गेली. अशा एका बैठकीने पुढचा आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटना आता ती वापरू नका म्हणते. संघटनेने 2011 साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा गाभा तीन गोष्टींत आहे : पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्ये मात्र जुना सल्ला अजून फिरतोय.

मी हे किल्लारीच्या भूकंपात पाहिलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक उशिरा झोपलेले. मी तेव्हा समाजकार्याची विद्यार्थिनी, पत्र्याच्या शेडमध्ये कामाला होते. शहरातून गाडी आली की पहिला प्रश्न "घरातले किती गेले?" बायांचं उत्तर पाठ झालं होतं, आकडा सांगून त्या तोंड फिरवायच्या. एका आजींचं रेशनकार्ड ढिगाऱ्यात गेलं होतं. नव्या कार्डाचा अर्ज मी भरत होते. कुटुंबातील व्यक्तींचा रकाना आला. आजींनी स्वतःचं नाव सांगितलं, सुनेचं सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "नातवाचं लिहू नको, पण त्याचं वय घाल कुठं तरी, सात होतं." त्यानंतर त्या बराच वेळ बोलत होत्या आणि मी पेन खाली ठेवलं. समोर अर्ज नसता तर हे माझ्या वाट्याला आलं नसतं. नुकसानभरपाई, पासबुक, आधार, मुलीचा दाखला ही कामं तुम्ही करत असता, तेव्हाच मनाचंही काम चाललेलं असतं. वेगळी समुपदेशनाची वेळ काढायची गरज नाही.

आता काकूंची भीती. नदीकाठी राहून पावसाला घाबरणारी बाई वेडी नाही, तिचा हिशेब बरोबर आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं. "काही होत नाही हो, नका घाबरू" असं तुम्ही म्हणालात तर त्या तुमच्यावरचा विश्वास काढून घेतील, आणि ते योग्यच असेल. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर बसून ठरवा. आयर्विनला किती फूट असलं की आपल्या गल्लीत पाणी येतं, हे गावातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. त्याच्या किती आधी जनावरं हलवायची? कुणाच्या मळ्यात? टेम्पो कुणाचा? म्हशींचं दावं रात्री कोण सोडणार? कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत सगळ्यात वर. पातळीचा मेसेज त्यांना कोण वाचून दाखवणार, ते नावही ठरवा. हे एका कागदावर लिहून चुलीजवळच्या भिंतीला चिकटवा. रात्रभर जागं राहून नदीवर पहारा ठेवायचं काम दुसऱ्या कुणीतरी घेतलंय, एवढं पटलं की झोप थोडी तरी येते. आणि म्हशींच्या दुःखाला "जनावरंच होती, माणसं वाचली ना" असं कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. ज्या हातानं रोज धार काढली त्या हाताला ते कळतं.

दादांचं वेगळं आहे. तिथं घाई करा. झोपेच्या गोळ्या तुम्ही देऊ नका, मेडिकलवाल्याकडूनही आणून देऊ नका. धक्क्यानंतर त्या सर्रास देणं तज्ज्ञांनाही मान्य नाही, आणि सवय लागते. त्यांना एकट्यात गाठा आणि सरळ विचारा : "दादा, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्यामुळे डोक्यात विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. उत्तर होकारार्थी आलं, किंवा ते गप्प बसले, तर त्यांना एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध आणि तणनाशक त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे स्वतः सोबत जा. चिठ्ठी हातात देऊन पाठवलेला माणूस बसस्टँडवरून परत येतो. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर 14416, फुकट, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुमच्या मोबाइलवरून स्पीकरवर लावा.

तुमचं घर पडलं हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय. पाऊस वाढला की तुमच्याही पोटात गोळा येत असणार, आणि तेव्हाच तुम्हाला लोकांचे सर्व्हे करायला पाठवतात. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या तुमच्या गटप्रवर्तक ताईंना सांगा की इशारा पातळीच्या दिवसांत माझं घर आधी हलेल, मग मी फिरेन. हे मागणं लेखी द्या.

प्रश्न : रायगड जिल्ह्यात आश्रमशाळेत शिक्षक आहे. दरडीत घर गेलेली काही मुलं मातीचा ढीग करतात, त्यात काड्यांची माणसं पुरतात आणि ढीग पाडतात. खेळ बंद करावा का? आणि ज्यांचे आईवडील सापडलेच नाहीत त्यांना काय सांगायचं?

उत्तर : खेळू द्या. मुलं असंच पचवतात. फक्त खेळ कुठं संपतो ते पाहा. रोज तोच, तसाच, आणि खेळल्यावर मूल जास्तच अस्वस्थ होत असेल तर शेजारी बसून विचारा, "आता मदतीला कोण येतंय?" डंपर, कुत्रा, शिक्षक, काहीही आणू द्या.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ताच राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबला. वाडीतली कितीतरी मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. अशा मुलांना "गावाला गेलेत" म्हणू नका, ती वर्षानुवर्षं वाट बघतात. "आई मेली, ती त्या मातीत आहे, आपल्याला ती काढता आली नाही," एवढं सरळ सांगायला मन घट्ट करावं लागतं. ते घरच्या मोठ्या माणसाने सांगावं, तुम्ही शेजारी असावं. समाजाच्या रीतीप्रमाणे जे क्रियाकर्म होईल, त्यात मुलांना घ्या. लहान आहेत म्हणून वगळू नका.

प्रश्न : मी तलाठी आहे. पंचनामे करताना लोक अंगावर येतात, काही गळ्यात पडून रडतात. घरी आलो की बायको-पोरांवर ओरडतो. आम्हाला कोण विचारतं?

उत्तर : फारसं कुणी नाही. राग येणं साहजिक आहे, पण लोकांचा बराचसा राग अंधारात ठेवल्याचा असतो. पंचनामा झाला की निघण्याआधी तीन वाक्यं बोला : हा कागद आता कुठं जाणार, तुमच्याकडून अजून काय लागेल, मी परत कधी येणार. आणि त्या दिवशी जा, पैसे मंजूर झाले नसले तरी "अजून झालं नाही" हे सांगायला जा.

घरी शिरण्याआधी चिखलाचे बूट काढता, तेव्हा तिथंच पायरीवर थोडं बसा. बायकोला सांगून ठेवा, एवढा वेळ बोलू नको. महसूल मंडळातल्या दोघा-तिघा तलाठ्यांनी आठवड्यातून एकदा चहाला जमा, हिशेब न काढता. झोप महिनाभर उडालेली असेल, किंवा रोज संध्याकाळी दारू घ्यावीशी वाटत असेल, तर 14416 तुमच्यासाठीही आहे. नोकरीच्या फायलीत त्याची नोंद जात नाही. पूरकाळात सलग ड्यूटी न लावता पाळ्या लावाव्यात म्हणून तहसीलदारांना संघटनेमार्फत पत्र द्यायचं असेल, तर मसुदा मला पाठवा, बघून परत करते.