रग्बी लीगचा मोठा खेळाडू पुढे चांगला कोच होतोच का?

होतोच असं नाही. पण पहिल्या खेपेला जमलं नाही म्हणून त्याच्यावर फुली मारायचीही घाई नको. ऑस्ट्रेलियाचा जुना दिग्गज खेळाडू मॅल मेनिंगा, त्याचंच बघा.

मी काही वर्षं ब्रिस्बेनला होतो. तिथे ओरिजिनच्या बुधवारी ऑफिसात दुसरा विषयच नसतो. ओरिजिन म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या दोन राज्यांची रग्बी लीगची मालिका, क्वीन्सलंड (ब्रिस्बेन इथलंच) विरुद्ध न्यू साउथ वेल्स (सिडनीवाले), वर्षाला तीन सामने. पहिला झाला 8 जुलै 1980 ला, ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर. मेनिंगाचा तो विसावा वाढदिवस. तेव्हा तो पोलिसात होता. पठ्ठ्याने त्या दिवशी क्वीन्सलंडकडून सातपैकी सात किक गोलात घातल्या! पुढे त्याच्या कॅनबेरा क्लबला 1989, 1990 आणि 1994 अशी तीन विजेतेपदं मिळाली, तिन्ही वेळा कर्णधार हाच. 1994 ची फायनल हा त्याचा शेवटचा क्लब सामना. त्यात समोरच्यांचा पास मध्येच पळवून ट्राय केला (म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले).

मग 1997 ला त्याच क्लबचा कोच झाला. पाच हंगाम, विजेतेपद एकही नाही. 2001 मध्ये राजकारणात उतरायचं ठरवलं, तर उमेदवारीनंतरच्या पहिल्याच रेडिओ मुलाखतीत बोलता बोलता अडखळला आणि 'माफ करा, मला जमणार नाही' अशा अर्थाचं बोलून तिथल्या तिथे माघार! क्वीन्सलंडवाले हा किस्सा अजून हसत हसत सांगतात, पण प्रेमाने.

2006 ला क्वीन्सलंडची सूत्रं त्याच्याकडे आली. आधीच्या सलग तीन मालिका हरलेल्या, त्यात पहिला सामनाही एका गुणाने गेला. दुसरा जिंकून बरोबरी साधली, पण मेलबर्नच्या तिसऱ्या सामन्यात 4-14 अशी पिछाडी. शेवटच्या काही मिनिटांत न्यू साउथ वेल्सचा एक पास भरकटला, क्वीन्सलंडच्या लॉकियरने तो उचलला आणि ट्राय. शेवटी 16-14, क्वीन्सलंडचा विजय. तिथून सलग आठ मालिका, आणि दहा वर्षांत एकूण नऊ.

'थर्स्टन, कॅमेरन स्मिथ, स्लेटर हाताशी असताना कोणीही जिंकेल, आयत्या पिठावर रेघोट्या' असं सिडनीवाले म्हणतात. थोडं खरं आहे. पण मला वाटतं कामच वेगळं होतं. क्लबच्या कोचला आठवड्यामागून आठवडा दुखापती, करार, पोरांची घडण हे सगळं निस्तरावं लागतं. ओरिजिनचा कोच तयार खेळाडूंना काही दिवसांसाठी एकत्र आणतो. त्यांना पास कसा द्यायचा ते शिकवायचं नसतं, क्वीन्सलंडच्या त्या मरून जर्सीचं मोल मनात उतरवायचं असतं. आणि ते सांगायला 1980 च्या त्या संघातला माणूस समोर उभा असला की निम्मं काम तिथेच झालं.

पुढे ऑस्ट्रेलियाचा कोच म्हणून त्याने दोन विश्वचषकही जिंकले. 2025 मध्ये पर्थच्या नव्या क्लबने त्याला नेमलंय, पहिला हंगाम 2027 चा. म्हणजे राहून गेलेला क्लबचा पेपर तो आता पुन्हा द्यायला बसतोय.