99.9 टक्के शुद्ध आयपीए चिपच्या कारखान्यात चालेल का?

उत्तर जरा लांबणार आहे. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तारापूर एमआयडीसीत सॉल्व्हंट डिस्टिलेशनचं युनिट आहे, 99.9 टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) निघतं. गुजरातेत धोलेरा-साणंदला चिपचे कारखाने येतायत, तर हा माल तिथे जाईल का? आणि चिपला लागणाऱ्या मटेरियल्सचा धंदा भारतात खरंच उभा राहील का?

आधी तुमच्या मालाचं. आजच्या स्थितीत नाही जाणार. तुमचा 99.9 हा आकडा जीसीवरचा (गॅस क्रोमॅटोग्राफवरचा) असणार, आणि जीसीला सोडियम, लोखंड, तांबं दिसतच नाही. फॅबला, म्हणजे चिप प्रत्यक्ष बनते त्या कारखान्याला, नेमकं तेच बघायचं असतं. वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) धुऊन झाला की पाण्याचा डाग राहू नये म्हणून तो आयपीएने वाळवतात, त्यामुळे आयपीएमध्ये जे काही असेल ते थेट सिलिकॉनवर बसतं. सोडियम ऑक्साइडच्या थरात शिरला की ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू व्हायला हवा तेच सरकतं. म्हणून वरच्या ग्रेडमध्ये एकेका धातूची मर्यादा 10 पीपीटीच्या (पीपीटी म्हणजे एक लाख कोटी भागांत एक भाग) आसपास असते. हिशेब करून बघा: 20 टनांच्या टँकरमध्ये लोखंड 0.2 मिलिग्रॅम. मिठाचे तीन-चार कण, बस्स. साध्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, पाइप आणि गॅस्केट यांतूनच माल याच्यापेक्षा जास्त उचलतो. आणि औषध कंपन्यांकडचं रिकव्हरीचं सॉल्व्हंट उकळत असाल तर फॅबचा विषय तिथेच संपला. दर बॅचला फीड (आत जाणारा कच्चा माल) वेगळं, कोण घेणार?

हायड्रोजन पेरॉक्साइडचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. कल्याणला पेरॉक्साइड कित्येक वर्षं बनतंय, आयपीए तळोज्याला बनतंय. म्हणजे रेणू बनवायची अक्कल आपल्याकडे आहेच. पण कापड-कागदासाठी जाणाऱ्या पेरॉक्साइडमध्ये ते फुटू नये म्हणून स्टॅबिलायझर घालतात, बऱ्याचदा सोडियम स्टॅनेट किंवा फॉस्फेट. ड्रमात माल टिकावा म्हणून घातलेली ही वस्तू फॅबच्या दृष्टीने विषच. ती काढायची, आयन एक्स्चेंज आणि आरओतून माल पुन्हा पुन्हा न्यायचा. मग तो टिकतो कसा? पेरॉक्साइड फुटतं ते मुख्यतः धातूंच्या अंशामुळे, आणि धातूच काढून टाकले की ते बऱ्यापैकी शांत राहतं. फक्त त्यानंतर ते क्लीनरूममध्येच भरायचं आणि धातू न सोडणाऱ्या, खास धुतलेल्या ड्रमातच ठेवायचं. धंद्यातला पैसा या शेवटच्या टप्प्यात आहे: शुद्धीकरण, भरणं आणि आयसीपी-एमएसवर (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर) ते सिद्ध करणं.

आता देशाचं. डिसेंबर 2021 मध्ये 76,000 कोटींचं सेमीकंडक्टर मिशन मंजूर झालं. त्यातली मोठी फॅब म्हणजे धोलेऱ्याची, टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीची: 91,000 कोटी, महिन्याला 50,000 वेफरची क्षमता. बाकीचे बरेचसे प्रकल्प पॅकेजिंगचे, म्हणजे तयार चिप कापून आवरणात बसवण्याचे. साणंदला मायक्रॉन, सीजी सेमी, केन्स. आसामात जागीरोडला टाटा. म्हणून माझ्या मते मागणी आधी येईल ती लीडफ्रेम, बाँडिंग वायर, मोल्डिंग कंपाउंड, सोल्डर बॉल अशा पॅकेजिंगच्या सामानाची. हा भाग काही किरकोळ नाही. 2024 मध्ये जगातली मटेरियल्सची उलाढाल सुमारे 67 अब्ज डॉलर होती आणि तिच्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा पॅकेजिंगचा. फोटोरेझिस्टच्या (वेफरवर नक्षी उमटवायला लागणाऱ्या प्रकाशसंवेदी रसायनाच्या) गप्पा मारणाऱ्यांकडे सध्या दुर्लक्ष करा. ते जपान्यांचं राज्य आहे. जुलै 2019 मध्ये जपानने फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा कोरियासारखा कोरिया हादरला, आणि त्यांच्याकडे तर सॅमसंग आणि एसके हायनिक्स दारातच होते.

ग्राहक दारात नसला तर काय होतं तेही आपण बघितलंय. 1980च्या दशकात तमिळनाडूत मेट्टूरला बंगळूरच्या आयआयएससीच्या तंत्रावर पॉलिसिलिकॉन (वेफरसाठीचं अतिशुद्ध सिलिकॉन) बनत होतं. प्रा. वासुदेव मूर्तींचं काम ते. पण घेणार कोण? मोहालीची सरकारी फॅब 1989च्या आगीत जळाली. मागणीच तुटपुंजी, तो उद्योग वाढला नाही. यावेळी फरक एवढाच की धोलेरा उभं राहिलं तर रोज माल रिचवणारं गिऱ्हाईक असेल. सल्फ्युरिक ॲसिड, एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड), पेरॉक्साइड असला जड, धोक्याचा आणि किलोमागे स्वस्त माल लांबून आणणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे पहिला फायदा गुजरातेतल्याच दहेजच्या रासायनिक पट्ट्याला होईल. तारापूर त्या मानाने फार लांब नाही, पण दहेजला फ्लोरिनवाल्या मोठ्या कंपन्या आधीच बसल्यात.

फॅबमध्ये नवा पुरवठादार पास व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. नमुना, मग ऑडिट, मग थोड्या वेफरवर चाचणी. पास झाल्यावरही तुम्ही साधं गॅस्केट बदललंत तरी आधी कळवायचं. हे आपल्या लहान युनिटना सगळ्यात जड जातं, रसायनशास्त्रापेक्षा जड. पंप बिघडला की मिळेल तो बसवायची सवय हाडीमाशी खिळलेली असते.

तुमच्या जागी मी असतो तर धोलेऱ्याचा नाद तूर्त सोडला असता. आधी पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि एसएमटी (बोर्डावर सुटे भाग बसवणाऱ्या) लाइनच्या सफाईसाठी लागणारं आयपीए, त्यातून ड्रम भरण्याची शिस्त, मग साणंदचे पॅकेजिंगवाले. त्यांची धातूंची मर्यादा फॅबइतकी कडक नसते. फीड व्हर्जिन (रिकव्हरीचं नाही, नवं) घ्या, एक लाइन फक्त याच मालाला ठेवा, आणि क्लीनरूमवर पैसे घालण्याआधी महिनाभर प्रत्येक बॅच बाहेरून आयसीपी-एमएसवर तपासून घ्या. आकडे बॅचगणिक किती हलतात ते इथे टाका. सरासरी नको, प्रत्येक बॅचचे वेगळे. त्यावरून डिस्टिलेशनचा कॉलम बदलायचा की नुसती टाकी-पाइपिंग, ते सांगता येईल.