'लाभार्थी' म्हणजे फोकटचं घेणारे?

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. सातवीच्या चाचणीत त्यांनी 'लाभार्थी' या शब्दाचा अर्थ विचारला होता. एका पोरानं लिहिलं, 'फोकटचं घेणारे लोक'. याला गुण द्यायचा का, आणि मुळात हा शब्द तरी बरोबर आहे का, असं बाई विचारतात.

आधी शब्दाचं बघू. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थ्याला विद्या हवी असते, शरणार्थ्याला आसरा. गीतेतला अर्थार्थी भक्तही काहीतरी मागायलाच आलेला असतो. संस्कृतात नुसत्या 'अर्थी'चा एक अर्थ याचक असाही आहे. म्हणजे व्युत्पत्तीनं लाभार्थी तो, जो अजून खिडकीबाहेर उभा आहे. पैसे खात्यात पडले की त्याचं अर्थीपण संपायला हवं. सरकारी मराठीनं मात्र हा शब्द ज्याला मिळालं त्याच्यासाठी रुळवला. आता तो चूक म्हणण्यात हशील नाही. गंमत अशी की याहून नेमका शब्द आपल्याकडे आहे. पेंचच्या कालव्याचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याला पाटबंधारेवाले 'लाभधारक' म्हणतात. कालव्याखाली जमीन असली की धारक, हाताशी काहीच नसलं की अर्थी!

'फोकट'चा वास लागला तो शब्दाच्या सोबत्यांमुळे. खैरात घ्या. अरबीत तो 'खैर'चा, म्हणजे भल्याचा, अनेकवचनी शब्द. मराठीत त्याच्याबरोबर 'वाटली' आलं की ऐकणारा तोंड वाकडं करतो. रेवडीचं तर आणखी वेगळं. हिंदी म्हणीतला आंधळा रेवड्या वाटतो आणि फिरून आपल्याच माणसांना देतो. तिथून 2022 साली 'रेवडी संस्कृती' राजकारणात गाजली. पण मराठीत कोणाची रेवडी उडवायची म्हणजे त्याची फजिती करायची. आपण नागपूरकर दोन्ही भाषा एकाच श्वासात बोलतो, त्यामुळे आपल्या कानाला रेवडी घेणाराच हास्यास्पद वाटतो, वाटणारा नामानिराळा.

याउलट 'कंट्रोल'. आपल्याकडे स्वस्त धान्याच्या दुकानाला अजून लोक कंट्रोल म्हणतात. तो महायुद्धाच्या टंचाईतल्या नियंत्रणाचा शब्द. त्या रांगेत वकील, मास्तर, सगळेच होते, म्हणून तेव्हा त्यात कमीपणा नव्हता. आज 'कंट्रोलचा तांदूळ' म्हटलं की पाहुण्यासमोर डबा झाकतात.

मला जास्त खटकतो तो 'पात्र'. पात्र म्हणजे भांडं, नदीचं पात्र, नाटकातलं पात्र, आणि दान घ्यायला लायक माणूससुद्धा. 'सत्पात्री दान' यातला. योजनांच्या याद्यांत 'पात्र' आणि 'अपात्र' लिहिताना कारकुनाच्या मनात फक्त नियम असतो: अमुक वय, अमुक उत्पन्न. वाचणाऱ्याच्या कानात मात्र दानधर्माचा निकाल वाजतो. 2024 साली 'लाडकी बहीण' आली, 21 ते 65 वयाच्या बायकांना महिना 1500 रुपये. लाभार्थीच्या जागी नातं आलं, बरं वाटलं. मग छाननी झाली आणि पेपरात 'अपात्र बहिणी' छापून यायला लागल्या. बहीण अपात्र कशी होते बाप्पा? अट बसत नाही एवढंच म्हणायचं असेल तर 'निकषाबाहेर' लिहावं.

गेल्या नोव्हेंबरात एका बँकेत हयातीचा दाखला द्यायला काकांना घेऊन गेलो होतो. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मागे एक म्हातारी होती, नऊवारीच्या सोग्यात पासबुक बांधलेली. तिनं विचारलं, "माहा पगार आला का जी?" खिडकीतला बाबू शेजाऱ्याला म्हणाला, "निराधारवाली आहे, बसव तिकडे." म्हणजे निराधार योजनेचे पैसे घेणारी. काकांना आधीच खुर्ची मिळाली होती.

म्हातारीचा शब्द मला पटला. पगार हा पोर्तुगीज 'देणं' या क्रियापदातून आलेला. त्यात ना दान आहे ना याचना. 'अनुदान'च्या पोटात दान आहेच, आणि 'निराधार' हे तर माणसाचं नावच होऊन बसतं. काका घरी येताना म्हणाले, "तिनं कुठं नोकरी केली, पगार म्हणायला?" मुद्दा बरोबर आहे. पण सरकारनंही तेच केलंय. 65 वर्षांवरच्या गरीब म्हाताऱ्यांच्या योजनेचं पूर्ण नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना'. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करणारी बाई कशातून निवृत्त झाली, ते नाव ठेवणाऱ्यानं सांगितलेलं नाही. काकांना हे नाव सांगितलं तर ते सदर भाग येईपर्यंत गप्प होते.

बाई, त्या पोराला अर्धा गुण द्या. 'घेणारे' बरोबर आहे, 'फोकटचं' त्यानं घरी ऐकलंय. आणि त्याच पेपरात 'निवृत्तीवेतन' विचारलं असेल, तर तिथं त्यानं काय लिहिलंय ते मला जरूर कळवा.