मुलीच्या वजनाबद्दल तिच्याशी कसं बोलावं?

नऊ वर्षांच्या मुलीचं वजन जास्त आहे, असं डॉक्टर तिच्यादेखत म्हणाले. आता घरी तिला कसं समजवायचं, असं तुम्ही विचारलंय. तिला काही समजवू नका. आधी डॉक्टरांशी बोला, तेही ती खोलीत नसताना.

मी अकरा वर्षांची होते. गेलो होतो खोकल्यासाठी. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि आईला विचारलं, "हिला घरी कोणी आवरत नाही का?" आई हसली. ओशाळून, माझ्याकडे न बघता. खोकल्याचं पुढे काय झालं ते आठवत नाही, पण त्या रात्री वाढताना माझ्या ताटाशी आईचा हात थांबला आणि ती म्हणाली, "पुरे ना?" ते आठवतं. भावाला नाही विचारलं. मी चोरून खायला लागले ती त्याच आठवड्यात.

आणि त्या डॉक्टरांनी माझी उंची मोजलीच नव्हती! उंचीशिवाय नुसत्या वजनाला काय अर्थ? वयात येण्याआधी बऱ्याच मुली भरतात. म्हणून तुम्ही आधीच्या सगळ्या नोंदी मागा. मुलीची रेघ वाढीच्या तक्त्यावर पहिल्यापासून वरच चाललीय, की मध्येच तिने उडी घेतलीय, हे विचारा. पंच्याऐंशी पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या १०० मुलींमध्ये साधारण ८५ जणी तिच्याहून हलक्या, एवढंच. ते प्रगतिपुस्तक नव्हे.

आई अजून म्हणते, "तुझ्या भल्यासाठीच बोलत होते." मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली किशोरवयीन मुलांबद्दल हेच सांगितलं: घरात वजनावर बोलू नका, डाएटला लावू नका, एकत्र जेवा. बदल करायचा तर सगळ्या घराने करायचा. एकटीच्या ताटात कपात करणं म्हणजे शिक्षा.

एक मात्र आहे. वजन झपाट्याने वाढत असेल, ती झोपेत घोरत असेल किंवा मानेवरची कातडी काळी, जाडसर झाली असेल, तर तपासण्या टाळू नका. रक्त कशाला काढतायत असं तिने विचारलं, तर काय तपासायचंय ते खरं सांगा. "तू जाड आहेस म्हणून" एवढं मात्र म्हणू नका.