"आत्म्याने दीन ते धन्य" म्हणजे ख्रिस्ती धर्मात गरिबी चांगली मानतात का? मग श्रीमंत ख्रिस्ती माणसाचं काय?

नाही. गरिबी चांगली असते असं येशूने कुठेही म्हटलेलं नाही. तुम्हाला तसं कोणी सांगितलं असेल तर त्याच्यावर सावकाराच्या ओट्यावर ताटकळत बसायची वेळ कधी आलेली नसावी.

बायबलमध्ये येशूने डोंगरावर केलेल्या प्रवचनाचं हे पहिलंच वाक्य, मत्तय 5:3. "जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे." देवापुढे उभं राहताना आपल्या पदरात दाखवण्यासारखं काही नाही, हे ज्याला आतून कळलं तो आत्म्याने दीन. याचा अर्थ येशूनेच लूक 18 मधल्या दाखल्यात दाखवला आहे. मंदिरात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आपले उपास आणि दशांश (उत्पन्नाच्या दहाव्या भागाचं दान) मोजून दाखवतो. जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो करवसुली करणारा, लांब उभा राहून छाती बडवतो आणि "मज पाप्यावर दया कर" एवढंच म्हणतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. त्याच्या खिशात पैसे होते की नव्हते, याचा तिथे प्रश्नच नाही.

हे वाक्य आमच्या घरात भांडणाचं कारण झालं, म्हणून एवढं लिहितोय.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, ख्रिस्ती घरं मोजकीच. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. बोंड वरून हिरवंगार, ठणठणीत. नखाने फोडलं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडून चिकटलेली आणि मधे वळवळणारी गुलाबी अळी. असं बोंड धड फुटतच नाही. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. मजूर ती वेचायला तयार नसतात आणि व्यापारी तिला भाव देत नाही. फवारणीचा खर्च मात्र पूर्ण झालेला असतो.

त्या वर्षीही चर्चमध्ये उपकारस्तुतीची, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायची, उपासना झाली. तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, भोपळे, एखादी कोंबडी, ज्याच्या घरी जे असेल ते तो आणतो, पुढे ठेवतो आणि नंतर त्याचा लिलाव होतो. मायने टोपलंभर कवडी आणली. माझे काका चर्चच्या कमिटीत. दारातच म्हणाले, "वहिनी, हे काय आणलं? देवापुढं ठेवाचं तं चांगलं ठेवा, नाईतं पेटीत दहा रुपये टाका." माय म्हणाली, "भाऊजी, पिकलं तेच आणलं. आमच्या वावरात काय झालं ते देवाले माहीत नाई का?" आणि तिने टोपलं भोपळ्यांच्या शेजारी ठेवून दिलं. लिलावात त्याला कोणी बोली लावली नाही. तिने ते घरी आणून चुलीत घातलं.

मत्तय 5:3 वर मी पुष्कळ संदेश ऐकलेत. माझ्यासाठी त्याचा अर्थ ते टोपलं आहे.

काही दिवसांनी काका घरी प्रार्थनेला आले. बाबा कृषी केंद्राच्या उधारीचं आणि बँकेच्या नोटिशीचं बोलत होते. काकांनी हेच वचन उघडून वाचलं आणि म्हणाले, "दादा, कुरकुर नोको करू. गरीब हायेस म्हणून तं तू धन्य हायेस." बाबा खाली मान घालून बसले. मी म्हणालो, "मंग काका, तुमचा पगार आमाले द्या आन् तुमी व्हा धन्य." तेव्हापासून आमचा हा वाद सुरू आहे.

काकांचं चुकतं ते इथे. लूक 6:20 मध्ये "आत्म्याने" हा शब्द नाही, तिथे येशू सरळ गरिबांनाच धन्य म्हणतो, आणि काका त्याच्यावर बोट ठेवतात. पण चारच ओळींनी पुढे, 6:24 मध्ये, तो श्रीमंतांना तंबी देतो. ती ओळ काकांनी कधी वाचून दाखवली नाही. गरीब धन्य, कारण देव त्यांच्या बाजूने उभा राहतो. उधारीत देवपण असतं म्हणून नव्हे. बायबलमधला आमोस संदेष्टा तर पायतणाच्या जोडीसाठी गरिबाला विकणाऱ्यांवर तुटून पडतो. बायबलात गरिबीमागे बहुतेक वेळा कोणाचा तरी हात असतो.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी ही दीनता तुम्हाला परकी वाटू नये. पुढे ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांना 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला, आणि वाचता वाचता ते डोंगरावरच्या याच प्रवचनापाशी अडकले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. ज्याने अभंग ऐकलेत त्याला परूशी आणि जकातदार लगेच ओळखू येतात.

आता श्रीमंताचं. लूक 19 मधला जकातदार जक्कय श्रीमंत होता. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायची ठरवली, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करायचं कबूल केलं. मग येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं. उलट प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली लावदिकीया गावची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, आपण श्रीमंत, आपल्याला काही उणं नाही असं मानून बसली होती, तिला कंगाल आणि आंधळी म्हटलंय. त्यामुळे श्रीमंत माणूसही आत्म्याने दीन होऊ शकतो, फक्त त्याला ते जड जातं. यापेक्षा सविस्तर चर्चच्या पाळकांना विचारा, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे.

एक सांगायचं राहिलं. ख्रिस्ती संत असिसीचा फ्रान्सिस कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, त्याने आपणहून सगळं सोडलं. त्या गरिबीला मी नावं ठेवत नाही. ती त्याने निवडली होती, आमची आमच्यावर पडली. आणि काकांबद्दल खरं सांगायचं तर त्या वर्षीचा बँकेचा हप्ता त्यांनीच भरला, कोणालाही न सांगता. मला ते मायकडून कळलं. तरी बाबांसमोर ते वचन वाचलं ते चूकच, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. मी वचनात राजकारण आणतो असं ते म्हणतात. बायबलच्या याकोब 2:15-17 मध्ये उघड्या, उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे" म्हणून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव म्हटलाय. ते राजकारण असेल तर याकोबाचं आहे.

तुम्ही मुळातून वाचणार असाल तर मत्तय 5 एकटं वाचू नका, लूक 18 आणि याकोब 2 सोबत घ्या. कर्जात बुडालेल्या माणसाच्या घरी वाचायची वेळ आली तर याकोबापासून सुरुवात करा.