न्यू जर्सीत बेसमेंटच्या फ्लोअर ड्रेनमधून गटाराचं पाणी वर येतंय, काय करू?

आधी वरच्या मजल्यावरचे फ्लश, नळ, वॉशिंग मशीन सगळं बंद, कारण लाइन तुंबलीये म्हणजे तुमचंच पाणी खाली येणार. पाणी सॉकेटपर्यंत पोचलं असेल किंवा विजेचं मेन पॅनल खालीच असेल तर पाण्यात पाय टाकूच नका, वीज कंपनीला फोन करून सप्लाय तोडायला सांगा. मुलं, कुत्रा वरच. शेजाऱ्यांकडेही असंच असेल तर टाउनच्या सीवर डिपार्टमेंटला कळवा, नाहीतर प्लंबर. साफ करताना गमबूट, रबरी ग्लोव्हज, मास्क, आणि ब्लीचमध्ये अमोनिया किंवा अ‍ॅसिडवालं क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी गॅस होतो. भिजलेलं कार्पेट टाकूनच द्या (जीव अडकला तरी!), पण आधी इन्शुरन्ससाठी फोटो. साध्या होम पॉलिसीत हे बहुतेक कव्हर नसतं, वेगळं वॉटर बॅकअप कव्हर लागतं. नंतर बॅकवॉटर व्हॉल्व्ह (गटाराचं पाणी उलटं घरात येऊ न देणारी झडप) बसवून घ्या.